नवा बल्ब घ्यायच्या आधी गाडी भिंतीसमोर लावा

मागच्या गळीत हंगामातली गोष्ट. बार्शीहून सोलापूरला येत होतो. वैराग मागं पडलं होतं, रात्रीचे साडेदहा वाजले असतील. समोरून एक ट्रक आला, त्याच्या उजेडानं डोळे दिपले, ट्रक निघून गेला आणि पुढच्या क्षणी माझ्या जीपच्या बॉनेटसमोर उसाची भिंत उभी. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना लाल दिवा ना रेडियमची पट्टी. ब्रेक लागला, गाडी थांबली. मध्ये किती अंतर उरलं होतं ते बघायला मी खाली उतरलो नाही. शेजारी बसलेली बायको एवढंच म्हणाली, "अहो, गाडीला लाईट लावलाय की उदबत्ती?"

उदबत्ती मनाला लागली. दुसऱ्याच दिवशी मी जास्त वॉटचे बल्ब आणले. त्यांचं काय झालं ते पुढे येईलच. तीन महिने, बल्बच्या दोन जोड्या आणि एक जळका होल्डर एवढ्यानंतर कळलं की गाडीतले जुने बल्ब पहिल्यापासून ठीकच होते. त्यांच्यापर्यंत करंट धड पोचत नव्हता, आणि जो काही उजेड निघत होता तो रस्ता सोडून भलतीकडे जात होता. जुन्या गाडीवाल्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं हेच असतं, म्हणून जे शिकलो ते इथे सविस्तर मांडतोय. माझी गाडी १९९७ची, ७ इंची गोल दिव्यांची जीप आहे, पण सुमो असो, मारुती ८०० असो की कोणाच्या आजोबांची पद्मिनी, मूळ तत्त्व तेच.

आधी थोडा हिशेब. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर पळते. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना दिसणं, ते डोक्यात शिरणं आणि पाय ब्रेकवर जाणं यात दीड सेकंद सहज जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ३३ मीटर संपले. कोरड्या डांबरी रस्त्यावर, ब्रेक चांगले असतील तर, थांबायला आणखी ४० मीटर. एकूण ७५ मीटरच्या आत-बाहेर. आता दिव्याकडे बघा. जमिनीपासून ७५ सेंटीमीटरवर बसवलेला दिवा डिपरवर (म्हणजे खाली झुकवलेल्या उजेडावर; लांब जाणारा तो अप्पर) दर १० मीटरला १० सेंटीमीटर खाली उतरेल असा लावलेला असतो. तो रस्त्याला टेकतो ७५ मीटरवर. सगळं काही जागच्या जागी असताना डिपरवर ८०चा वेग म्हणजे कड्याच्या टोकावर उभं राहणं. १००च्या वेगाला थांबायला १०० मीटरहून जास्त लागतात, तेव्हा डिपरवर १००नं जाणारा माणूस न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी हाकत असतो. आणि माझ्या जीपचा उजेड तेव्हा ३०-३५ मीटरवरच संपत होता.

यावर पहिला विचार येतो तो बल्ब मोठा करण्याचा. पण उजेडाचा एक नियम आडवा येतो: अंतर दुप्पट झालं की पडणारा उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. म्हणून दुप्पट लांबचं तितकंच स्वच्छ दिसायला चौपट उजेड लागतो. बल्बचा उजेड दुप्पट केलात तरी दिसण्याचं अंतर फार तर ४० टक्क्यांनी वाढतं.

बल्बच्या पोटात काय असतं

गेल्या काही दशकांतल्या बहुतेक गाड्यांत एच४ नावाचा हॅलोजन बल्ब असतो. मागे तीन पाती, १२ व्होल्ट, ६०/५५ वॉट. यातले ६० अप्परचे, ५५ डिपरचे. काचेच्या नळीत दोन वेगळी फिलामेंट असतात. हातात घेऊन नीट बघितलंत (काचेला बोट न लावता, बोटाचं तेल तापून काचेवर डाग धरतं आणि बल्ब लवकर जातो), तर डिपरच्या फिलामेंटखाली धातूची इवलीशी वाटी दिसेल. सगळी करामत त्या वाटीची आहे.

दिव्याचा रिफ्लेक्टर म्हणजे खोलगट आरसा. त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर पडलेला उजेड परतून वर जातो, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात. वाटी तो उजेड खाली जाऊच देत नाही. फक्त वरचा अर्धा आरसा वापरला जातो आणि उजेड रस्त्यावर उतरतो. वाटीची एक कड १५ अंशांत कापलेली असते, त्यामुळे उजेडाची वरची रेघ उजवीकडे सपाट राहते आणि डावीकडे चढत जाते. आपण डावीकडून चालतो. समोरचा उजवीकडून येतो, त्याच्या बाजूला उजेड खाली दाबलेला. आपल्या कडेचा पादचारी, मैलाचा दगड, ट्रॉली यांच्यावर थोडा चढलेला. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला रात्रभर चालत जाणारी माणसं ज्यांनी गाडीतून पाहिली आहेत, त्यांना डावीकडच्या त्या चढत्या उजेडाची किंमत वेगळी सांगायला नको.

हे सगळं जमतं ते फिलामेंट ठरलेल्या जागीच असल्यामुळे. एखादा मिलिमीटर पुढे-मागे झालं की उजेड विस्कटतो. बल्बच्या कडेला तीन खुणा असतात आणि त्या दिव्यातल्या खाचांत बसाव्या लागतात. घाईत बल्ब वाकडा बसवून वर रबर चढवलेल्या कितीतरी गाड्या रस्त्यावर फिरताहेत. तेवढं आधी बघा, पैसे लागत नाहीत.

आणखी जुन्या गाड्यांत ४५/४० वॉटचा साधा बल्ब असायचा, किंवा सील्ड बीम, म्हणजे काच-आरसा-फिलामेंट सगळं मिळून एकच डबा. अशा गाडीत ७ इंची गोल दिवा काढून त्या जागी एच४ बसणारा त्याच मापाचा दिवा लावणं ही मला तरी सर्वांत समाधानाची सुधारणा वाटते. गाडीचं रूप बदलत नाही, पत्रा कापावा लागत नाही.

दिवा काढलाच आहे तर आरसा बघा. त्यावर ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो. तो फडक्यानं पुसायचा नाही, पुसला की उतरतो. धूळ फुंकून काढायची. थर राखाडी पडला असेल किंवा मागचं रबर फाटून आत पाणी गेलं असेल आणि कडेनं गंज चढला असेल, तर त्या दिव्यात कुठलाही बल्ब घाला, उजेड येणार नाही. दिवा बदला. काचेऐवजी प्लास्टिक असलेल्या थोड्या अलीकडच्या गाड्यांत दुखणं बाहेरच्या बाजूला असतं. सोलापूरच्या उन्हात चार-सहा उन्हाळे उघड्यावर काढले की ते प्लास्टिक पिवळं पडतं. ८०० नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून २००० पर्यंत घासायचं, मग पॉलिश, आणि शेवटी ऊन अडवणारा क्लिअर कोट. शेवटची पायरी गाळली तर काही महिन्यांत पुन्हा पिवळं. टूथपेस्टचे व्हिडिओ मीही पाहिलेत. टूथपेस्टनं दिवा चार दिवस चमकतो.

पाणीच येईना तर नळ बदलून काय

अक्कलकोट रोडला एक म्हातारे ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, आम्ही सगळे त्यांना चाचाच म्हणतो. माझे नवे बल्ब बघून ते हसले. "बल्ब कितीबी आण बे. पाणीच येईना तर नळ बदलून काय करतो?" चार-चार दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात याहून सोपं उदाहरण नाही.

त्यांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं, डिपर लावायला सांगितला आणि व्होल्ट मोजायचा मीटर काढला. बॅटरीवर १३.८ व्होल्ट. मग दिव्यामागच्या होल्डरवर, बल्ब जोडलेलाच ठेवून, पिना टेकवल्या: ११.४. बल्ब काढून मोजलं तर तिथेही १३.८च दिसतं आणि माणूस फसतो, कारण करंट वाहत नसला की व्होल्टेज पडतच नाही. तोटी बंद असताना पाइपातला दाब नेहमीच भरपूर वाटतो.

२.४ व्होल्ट वाटेत गेले. आकडा किरकोळ वाटतो, पण हॅलोजन बल्बचा स्वभाव विचित्र आहे. त्याचा उजेड फिलामेंट किती तापतं यावर असतो, आणि व्होल्टेज थोडं उतरलं की उजेड धाडकन उतरतो. व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर उजेड ३० टक्के जातो. माझ्या बाबतीत व्होल्टेज १७ टक्के कमी होतं, म्हणजे उजेड जवळपास निम्मा. दिवा पांढरा दिसायच्या ऐवजी पिवळट-तांबूस दिसत असेल तर हे दुखणं आहे असं मीटर नसतानाही ओळखता येतं.

हे व्होल्ट जातात कुठे? जुन्या गाडीत बॅटरीपासून निघालेला दिव्यांचा सगळा करंट डॅशबोर्डपर्यंत जातो, लाईटच्या स्विचमधून, मग अप्पर-डिपरच्या स्विचमधून, फ्यूजमधून, वायरी जोडणाऱ्या दोन-चार कपलरमधून, आणि पुन्हा पुढे दिव्याकडे येतो. दोन्ही डिपरचे मिळून ९ अँपिअर. पंचवीस-तीस वर्षांत प्रत्येक जोडावर थोडा गंज, थोडी काजळी. सगळ्यांचा मिळून अडथळा फक्त पाव ओहम झाला तरी सव्वादोन व्होल्ट तिथेच संपतात. ही ताकद हवेत विरत नाही, त्या जोडांतच उष्णता होऊन बसते: वीसेक वॉट, म्हणजे लहान सोल्डरिंग आयर्नएवढी. स्विच हाताला गरम लागतो तो यामुळे.

येण्याच्या वाटेइतकीच जाण्याची वाटही महत्त्वाची, आणि ती बहुतेक जण विसरतात. बल्बमधून करंट परत बॅटरीला जातो तो गाडीच्या पत्र्यातून, अर्थच्या बोल्टमधून. चाचांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर ठेवली, दुसरी होल्डरच्या अर्थवर: ०.८ व्होल्ट. असायला हवं शून्याच्या जवळ. रेडिएटरशेजारचा बोल्ट काढला तर खाली रंग, त्याखाली गंज. पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत केला, नवी जाड वायर थेट बॅटरीच्या मायनसला नेली. पंधरा मिनिटं गेली आणि दिवा तेवढ्यानंच उठून दिसायला लागला. अर्थ साफ करण्याआधी दुसरं काहीही विकत घेऊ नका असं मी आता भेटेल त्याला सांगतो.

उरलेल्या १.६ व्होल्टसाठी रिले. रिले म्हणजे काय, तर साहेब आणि हमाल यांची विभागणी. डॅशबोर्डचा स्विच साहेब: त्यानं फक्त सही करायची. ओझं हमाल उचलेल. स्विचमधून आता ९ अँपिअर जात नाहीत, रिलेचं लोहचुंबक ओढण्यापुरता अर्ध्या अँपिअरहूनही कमी करंट जातो. चुंबक आतली पट्टी ओढतं आणि बॅटरीतून थेट दिव्याकडे जाणारी छोटी, जाड वाट उघडते. रिलेवर आकडे छापलेले असतात. ३० नंबरला बॅटरीची प्लस वायर, तीही फ्यूजमधून आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. ८७ नंबरवरून दिव्याला. ८६ला दिव्याकडे जाणारी जुनी वायर, ८५ला अर्थ. अप्परला एक आणि डिपरला एक असे दोन रिले, प्रत्येकाला १५ अँपिअरचा फ्यूज, वायर २.५ चौरस मिलिमीटरची. जुनी वायर कापायची नाही. तिचा कपलर रिलेच्या सेटमध्ये घुसतो असे तयार सेट मिळतात. उद्या रिलेनं दगा दिला तर मूळ कपलर पुन्हा बल्बला लावून घरी येता येतं.

एक सावधगिरी. जपानी वळणाच्या काही गाड्यांत स्विच प्लसऐवजी अर्थच्या बाजूला असतो. तिथे वरची जोडणी जशीच्या तशी चालत नाही. आधी मीटर लावून बघा किंवा जाणकाराला बघू द्या.

रिले लागल्यावर होल्डरवर १३.४ आले. बल्ब जुनेच, साठ-पंचावन्नचे. पूर्ण व्होल्टेजवर बल्ब थोडा लवकर जातो हे खरं, पण तो सौदा मला मान्य आहे. बदलायची वेळ आली की दोन्ही एकदम बदलायचे.

जाता जाता स्कूटरवाल्यांसाठी: जुन्या चेतकचा दिवा बॅटरीवर चालत नाही, इंजिनच्या मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज करणाऱ्या छोट्या जनरेटरवर चालतो. म्हणून सिग्नलला तो मालवल्यासारखा होतो आणि रेस दिली की पेटतो. तिथे वरचा रिलेचा उपाय लावायला जाऊ नका, अर्थ आणि होल्डर मात्र जरूर साफ करा.

माझ्या दोन चुका

पहिली, १००/९० वॉटचे बल्ब. दुकानदार म्हणाला, "सगळे हेच नेतात." नेत असतील. १८० वॉटला १५ अँपिअर लागतात, आणि माझ्या वायरिंगला ९ झेपत नव्हते. करंट वाढला की जोडांतली उष्णता त्याच्या वर्गानं वाढते, म्हणजे पावणेतीनपट. व्होल्टेज आणखी पडलं, उजेड जेमतेम थोडा वाढला, आणि आठव्या दिवशी मोहोळच्या अलीकडे जळक्या प्लास्टिकचा वास आला. डावा होल्डर वितळून बल्बच्या पात्यांना चिकटला होता. प्लास्टिकच्या रिफ्लेक्टरची गाडी असती तर तोही गेला असता.

दुसरी, ऑनलाइन मागवलेले एलईडी. हॅलोजनच्या जागी तसेच बसतात, मागे छोटा पंखा, डब्यावर लुमेनचे, म्हणजे उजेडाच्या मापाचे आकडे लॉटरीच्या बक्षिसासारखे. लावले तेव्हा गाडीसमोर लखलखाट झाला आणि मी खूश. पण समोरून येणारा जो तो अप्पर मारायला लागला. तेव्हा भिंतीसमोर गाडी उभी केली, तर उजेडाची रेघच नव्हती. नुसता पांढरा लगदा, वरपर्यंत. मघाशी सांगितलेली वाटी आणि फिलामेंटची जागा आठवा. एलईडीचे चौकोनी तुकडे त्या जागी अचूक बसले नाहीत की आरसा उजेड वाटेल तिकडे फेकतो. शिवाय गाडीपुढच्या पहिल्या दहा-पंधरा मीटरवर इतका प्रकाश पडतो की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा अंधार जास्तच काळा होतो. आपल्याला वाटतं छान दिसतंय; दिसत असतो फक्त बंपरपुढचा रस्ता. निळसर झाक जितकी जास्त, तितकं समोरच्याच्या डोळ्याला अधिक खुपतं, हे वेगळंच.

काही एलईडी बल्ब जागेच्या बाबतीत काळजीपूर्वक बनवलेले असतात, त्यांची कॉलर फिरवून तुकडे बरोबर डाव्या-उजव्या बाजूला आणता येतात. निकाल भिंतीवर लावायचा, डब्यावर नाही. आणि पूर्ण ७ इंची एलईडी दिवा, ज्याचा स्वतःचा आरसा आणि भिंग असतं, तो प्रकार निराळा. त्यात चांगले दिवे मिळतात. फक्त एक फसगत टाळा. उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या देशांसाठी बनवलेले दिवेही इथे विकले जातात. त्यांचा उजेड उजवीकडे चढतो, म्हणजे नेमका समोरच्याच्या डोळ्यात. हा दोष कितीही स्क्रू फिरवले तरी जात नाही.

भिंत, टेप आणि स्क्रू ड्रायव्हर

आता खरं काम. याला गॅरेज लागत नाही, सपाट जमीन आणि एक भिंत लागते. चाचांच्या दुकानासमोर उतार आहे, म्हणून मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलं. भिंत पांढरी, साधी हवी. भिंत नसेल तर पांढरी बेडशीट ताणून बांधा. सोलापुरी चादर टांगू नका. मी टांगली होती, चौकड्या आणि मोरांच्या गर्दीत उजेडाची रेघ शोधण्यात अर्धा तास गेला.

आधी चारही टायरची हवा बरोबर करा. टाकी साधारण अर्धी. गाडीत नेहमी जे ओझं असतं ते असू द्या, आणि ड्रायव्हरच्या जागी कोणाला तरी बसवा. मी मुलाला मोबाइल देऊन बसवलं. गाडी पुढून-मागून दोन-तीनदा दाबून हलवा, म्हणजे स्प्रिंग जागेवर येतात.

गाडी भिंतीला जवळजवळ टेकवून सरळ लावा. प्रत्येक दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं खूण करा, अधिक चिन्हासारखी. दोन्ही खुणा जोडणारी आडवी रेघ काढा. आता गाडी सरळ रेषेत मागे घ्या, दिव्यापासून भिंत ५ मीटर होईपर्यंत. टेपनं मोजा, पावलांनी नाही. पहिल्या रेघेखाली ५ सेंटीमीटरवर दुसरी आडवी रेघ. जागा असेल तर १० मीटर घ्या आणि रेघ १० सेंटीमीटर खाली ओढा. चूक कमी होते.

अंधार पडल्यावर डिपर लावा. एक दिवा पुठ्ठ्यानं झाका (जास्त वेळ नको, तापतो) आणि दुसऱ्याकडे बघा. भिंतीवर उजेडाची वरची कड दिसेल: उजवीकडे सपाट, मध्यावर कोपरासारखी वळलेली, तिथून डावीकडे चढती. सपाट कड खालच्या रेघेवर यायला हवी आणि ते कोपर दिव्याच्या खुणेच्या बरोबर खाली. दिव्याच्या कडेला दोन स्क्रू असतात, एक वर-खाली करतो, दुसरा डावी-उजवी. गोल दिव्याला चकचकीत रिंग काढल्यावर ते दिसतात. त्यांना दिवा धरून ठेवणाऱ्या स्क्रूंबरोबर मिसळू नका, नाहीतर दिवा हातात येतो. अर्धा-अर्धा फेराच फिरवा. स्क्रू फिरवूनही काही होत नसेल किंवा खड्ड्यात उजेड थरथरत असेल, तर मागची प्लास्टिकची क्लिप तुटली आहे. नंतर दुसरा दिवा. एच४मध्ये अप्पर त्याच आरशातून जातो, त्यामुळे डिपर जमला की अप्पर आपोआप जमतो. त्याचा सर्वांत तेजस्वी ठिपका वरच्या रेघेच्या आसपास दिसला की झालं.

माझा उजवा दिवा बराच खाली आणि डावा आकाशाकडे होता. बहुतेक कधीतरी बंपर ठोकला गेला तेव्हापासून.

५ मीटरला ५ सेंटीमीटर म्हणजे अर्ध्या अंशाहून जरा जास्त. इतकं बारीक माप आहे, म्हणून ओझ्याचा प्रश्न येतो. पंढरपूरला जाताना मागे सहा माणसं आणि पिशव्या बसल्या की जीपची मागची बाजू ५ सेंटीमीटर सहज दबते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर सव्वादोन-अडीच मीटर धरलं तर नाक २ टक्क्यांनी वर उचललं जातं. आपण खाली उतरवला होता १ टक्का, झाला १ टक्का वर. ५० मीटरवर तो उजेड दिव्याच्या उंचीपेक्षा अर्धा मीटर वर, म्हणजे छोट्या गाडीच्या ड्रायव्हरच्या बरोबर डोळ्यात. काही गाड्यांत डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं चाक असतं, ते याचसाठी. मागे ओझं वाढेल तसा आकडा वाढवायचा. ते चाक कशाचं हे माहीत नसलेले लोक दहा-दहा वर्षं ती गाडी चालवतात. ज्या गाडीत ते नाही, तिचे दिवे नेहमी भरून जात असेल तर भरलेल्या अवस्थेतच लावावेत.

कायद्यातही हे मोजून दिलंय. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला १०६वा नियम म्हणतो की उजेड कायमचा इतका खाली वळवलेला हवा, की दिव्यापासून ८ मीटर पुढे, उजवीकडे अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्या माणसाला ते दिपवणार नाहीत. हा माणूस म्हणजे तुम्ही स्वतः होऊन बघा. गाडी डिपरवर ठेवा, ८ मीटर पुढे जाऊन उजव्या कडेला उभे राहा आणि डोळे दीड मीटरवर येतील इतकं वाका. भगभगीत दिसलं तर काम अपुरं आहे. पूर्वी यासाठी दिव्याच्या काचेवर काळा ठिपका किंवा वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग लावायचे. त्यानं समोरच्याला थोडा आराम पडतो, पण आपला उजेड कापला जातो आणि वाकडा लावलेला दिवा वाकडाच राहतो.

शेवटी थोडं गाडीबाहेरचं. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो, आणि दिपल्यावर सावरायला वेळही जास्त लागतो. वडिलांना रात्री दिसत नसेल तर गाडीच्या दिव्यांआधी मोतीबिंदू तपासा. पुढची काच आतून पुसा. गाडीत साचलेला तो धुरकट थर समोरच्या उजेडात भसकन पेटतो. वायपरनं धुळीसकट घासून चरे पाडलेली काच असेल तर ती बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि हंगामात एका दिव्याचा ट्रॅक्टर समोरून आला तर ती मोटारसायकल आहे असं कधीही धरू नका.

सगळं झाल्यावर त्याच बार्शी रस्त्यानं, त्याच वेळी, मुद्दाम गेलो. वैरागच्या पुढे एक ट्रॉली भेटली, हिलाही रेडियम नव्हतं. पण चांगली लांबून दिसली, उसाचे वाढे लोंबताना दिसले. समोरून येणाऱ्या कोणीही अप्पर मारला नाही. बायको झोपली होती.

पार्किंगच्या भिंतीवरच्या दोन रेघा आणि जमिनीवरची ५ मीटरची खूण मी पुसली नव्हती. शेजारच्यांची सुमो आणि वरच्या मजल्यावरच्या काकांची ८०० त्याच रेघांसमोर उभी राहून गेली. त्यांच्या दिव्यांची उंची वेगळी, म्हणून भिंतीवर आणखी चार रेघा वाढल्या. दिवाळीत सोसायटीनं भिंत रंगवली, सगळ्या रेघा गेल्या. रविवारी पुन्हा टेप घेऊन बसायचंय.